ओव्हरहँगिंग बीमचा शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट काढताना या चुका टाळा

सिंपली सपोर्टेड बीमची (फक्त दोन टोकांना टेकवलेल्या बीमची) गणितं जमायला लागली की काही सवयी लागतात. दोन्ही सपोर्टला मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) शून्य, सर्वांत मोठा मोमेंट मध्यावर, बीम सगळीकडे खालीच वाकणार. ओव्हरहँगिंग बीममध्ये, म्हणजे सपोर्टच्या पुढे बाहेर आलेल्या बीममध्ये, यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. वह्या तपासताना दिसणाऱ्या बहुतेक चुका याच सवयींतून येतात, म्हणून एकच गणित घेऊन त्या दाखवतो.

अ आणि ब हे दोन सपोर्ट, मधलं अंतर ६ मीटर. ब च्या पुढे २ मीटर बीम बाहेर आला आहे, त्याचं मोकळं टोक क. पूर्ण ८ मीटरवर दर मीटरला २० किलोन्यूटनचा यूडीएल (सगळीकडे सारखा पसरलेला भार) आणि क वर १० किलोन्यूटनचा पॉइंट लोड (एकाच बिंदूवरचा भार).

आधी रिअ‍ॅक्शन (सपोर्ट बीमला देतो ते बल)

यूडीएलचा एकूण भार १६० किलोन्यूटन. तो ८ मीटरच्या मध्यावर, म्हणजे अ पासून ४ मीटरवर धरायचा. स्पॅन ६ मीटरचा दिसतो म्हणून ३ मीटर धरणारे खूप असतात. अ भोवती मोमेंट घेतला तर १६० × ४ + १० × ८ = ७२०, त्याला ६ ने भागून ब ची रिअ‍ॅक्शन १२०. एकूण भार १६० + १० = १७०, त्यातले उरलेले ५० अ ला.

ही वजाबाकी फसवी आहे. ब ची रिअ‍ॅक्शन चुकली तरी दोघांची बेरीज १७० येणारच. म्हणून ब भोवती स्वतंत्र मोमेंट घ्या: (१६० × २ − १० × २) ÷ ६ = ५०. जुळलं तरच पुढे जा.

अ ची रिअ‍ॅक्शन वजा आली तर चिन्ह पुसू नका. याच बीममध्ये क वरचा भार १६० किलोन्यूटनच्या पुढे गेला, तर अ चं टोक वर उचललं जाऊ लागतं आणि तिथे त्याला खाली धरून ठेवणारा सपोर्ट लागतो.

ब पाशी नीट थांबा

निम्म्याहून अधिक गडबड इथेच होते. ब च्या किंचित डावीकडे शिअर (बीमला छेदावर कापू पाहणारं बल) ५० − २० × ६ = −७०. किंचित उजवीकडे −७० + १२० = +५०. एकाच बिंदूला दोन किमती आहेत, दोन्ही लिहायच्या आणि आकृतीत मध्ये उभी रेघ काढायची. ब च्या पुढचा छेद घेताना १२० ची रिअ‍ॅक्शन समीकरणात घ्यायचीच राहून जाते. मग शिअर उतरतच जातो आणि क ला शून्यावर येत नाही.

ब चा मोमेंट उजव्या बाजूने काढा, सोपं पडतं: −(१० × २ + ४० × १) = −६० किलोन्यूटन-मीटर. शून्य मोमेंट अ ला आणि मोकळ्या टोकाला. ब फक्त आधार देतो, बीम त्याच्यावरून सलग पुढे गेलेला आहे, त्यामुळे तिथे मोमेंट राहतोच. उणे म्हणजे हॉगिंग (बीम वर फुगून वाकणं), ताण वरच्या बाजूला. काँक्रीटचा बीम असेल तर ब वर मुख्य सळई वर लागते. ती खाली टाकली तर तडे वरून जातात, म्हणून हे चिन्ह फक्त मार्कांपुरतं समजू नका.

सर्वांत मोठा मोमेंट

शिअर चिन्ह बदलतो ती प्रत्येक जागा तपासायची. इथे अशा दोन आहेत: ५० ÷ २० = २.५ मीटरवर, आणि ब वर, जिथे तो उडी मारून शून्य ओलांडतो. २.५ मीटरवर ५० × २.५ − १० × २.५² = ६२.५. मध्यावर ३ मीटर धरलं असतं तर ६० आले असते. फरक इथे लहान आहे, पण बाहेरचा भार वाढला की ही जागा अ कडे सरकत जाते.

कॉन्ट्राफ्लेक्शर वेगळाच. तिथे शिअरऐवजी मोमेंट चिन्ह बदलतो. अ पासूनचं अंतर क्ष धरलं तर ५०क्ष − १०क्ष² = ० यातून क्ष = ० आणि ५. शून्य म्हणजे अ चं टोक, ते सोडा. खरा बिंदू अ पासून ५ मीटरवर. क्ष ६ पेक्षा मोठा आला असता तर तोही टाकायचा, कारण हे समीकरण ब च्या पुढे चालतच नाही.

आकृती आणि ताळा

यूडीएलखाली बीएमडी (बेंडिंग मोमेंटची आकृती) वक्रच येते. ब ते क भागात अनेक जण सरळ रेघ ओढतात किंवा वक्राची पोकळी उलटी काढतात. क ला पॉइंट लोड असल्याने वक्र तिथे बेसलाइनला तिरका येऊन मिळतो. पॉइंट लोड नसता तर अलगद टेकला असता.

ताळ्यासाठी एसएफडीची (शिअर फोर्सच्या आकृतीची) क्षेत्रफळं मोजा. पहिला त्रिकोण +६२.५, दुसरा −१२२.५, म्हणजे ब ला −६०. पुढचा समलंब चौकोन (५० + १०) ÷ २ × २ = ६०, क ला शून्य. शून्य आला नाही तर आधी ब ची उडी बघा, मग यूडीएलचं ४ मीटरचं अंतर.