कार्बन-१४ : संज्ञेचा अर्थ आणि ती लिहिताना घ्यायची काळजी

गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत किंवा जुन्या वाड्यावरच्या लेखात ‘कार्बन डेटिंग’ (म्हणजे कार्बन-१४ वरून केलेले कालमापन) हा शब्द आता सहज येतो. “देवळासमोरच्या वीरगळाचे कार्बन डेटिंग झाले असून तो आठशे वर्षांपूर्वीचा ठरला आहे” अशा आशयाचे वाक्य सातारा-सांगली भागातील लेखनात मी एकाहून अधिक ठिकाणी वाचले आहे. हे वाक्य खरे असू शकत नाही, आणि ते का, हे ज्याला सांगता येईल त्याला ही संज्ञा कळली असे म्हणता येईल.

कार्बनच्या प्रत्येक अणूत ६ प्रोटॉन असतात. न्यूट्रॉनची संख्या मात्र वेगवेगळी असू शकते. न्यूट्रॉन ६ असतील तर कार्बन-१२, ७ असतील तर कार्बन-१३ आणि ८ असतील तर कार्बन-१४. ही तिन्ही कार्बनची समस्थानिके आहेत, म्हणून नुसते ‘कार्बनचे समस्थानिक’ असे लिहून कार्बन-१४ अभिप्रेत धरू नये. आकडा लिहिलाच पाहिजे. पहिली दोन स्थिर आहेत, तिसरे किरणोत्सारी आहे. (हिंदी पुस्तकातून मजकूर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथला ‘परमाणु’ म्हणजे मराठीतील अणू आणि तिथला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू.)

विश्वकिरणांमुळे वातावरणात मोकळे झालेले न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूंवर आदळतात आणि कार्बन-१४ तयार होते. ते कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने झाडांत आणि झाडांवाटे प्राण्यांत जाते. त्याचे प्रमाण अत्यल्प, साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक, असते. सजीव जगत असेतो ते भरून निघते. मृत्यूनंतर भर थांबते आणि सुमारे ५,७३० वर्षांत उरलेल्यापैकी निम्मे पुन्हा नायट्रोजन होते. मार्टिन केमेन आणि सॅम रुबेन यांनी १९४० मध्ये हे समस्थानिक शोधले. विलर्ड लिबी यांनी त्यावर कालमापनाची पद्धत उभी केली आणि त्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे उरलेले प्रमाण इतके कमी असते की ही पद्धत चालत नाही.

म्हणून कार्बन-१४ फक्त एवढेच सांगते की एखाद्या सजीवाने वातावरणातून कार्बन घेणे केव्हा थांबवले. वीरगळ आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टचा असेल, तर तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि छिन्नीच्या घावाने त्यात कोणतेही घड्याळ सुरू होत नाही. “वीरगळाच्या पायाखालील अबाधित थरात सापडलेल्या कोळशाचे कालमापन” असे मात्र लिहिता येते. नियम सोपा आहे: कालमापन हा शब्द लिहिण्याआधी लाकूड, कोळसा, धान्य, हाड यांपैकी काय मोजले ते लिहावे.

लाकडाच्या बाबतीत आणखी जपावे लागते. झाडाच्या खोडातील आतली वलये बाहेरच्या वलयांपेक्षा जुनी असतात, त्यामुळे सागवानी तुळईच्या गाभ्याचा नमुना झाड तोडल्याच्या वर्षापेक्षा बराच जुना काळ दाखवू शकतो. शिवाय पडक्या वाड्याच्या तुळया नव्या वाड्याला वापरल्या जात. लाकडाचे वय म्हणजे वास्तूचे वय नव्हे.

अहवालातला आकडा उतरवतानाच सर्वाधिक चुका होतात. समजा, अहवालात ‘३२० ± ३० बी.पी.’ असे आहे. बी.पी. म्हणजे वर्तमानपूर्व, आणि येथे ‘वर्तमान’ म्हणजे १९५० हे ठरवून घेतलेले वर्ष. वजाबाकी केली की १६३० येते, आणि लेखक मोठ्या आनंदाने तुळईचा संबंध शिवजन्माशी जोडतो. परंतु वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून हा आकडा झाडांच्या वलयांवरून बांधलेल्या आलेखाशी जुळवावा लागतो. जुळवल्यावर हाच काळ पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पसरतो. त्यामुळे ± सह मूळ आकडा, जुळवणी झाली आहे की नाही आणि प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक हे तिन्ही द्यावे.

साधारण १६५० नंतरच्या काळासाठी हा आलेख इतका वळणावळणाचा आहे की एकाच आकड्याला अनेक शतकांतील वर्षे लागू पडतात. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतरच्या वाड्यांसाठी कार्बन-१४ पेक्षा मोडी कागदच अधिक विश्वासार्ह, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्बन-१३ चे काम निराळे आहे. ऊस, ज्वारी आणि मका यांत त्याचे प्रमाण भात, गहू किंवा जांभळापेक्षा थोडे जास्त असते. महाबळेश्वरच्या मधात उसाची साखर मिसळली आहे का, हे त्यावरून तपासता येते, पण काळ कळत नाही.

कार्बन-१४ चा एक उपयोग मात्र वर्तमानातला आहे. उसाच्या मळीपासून केलेल्या इथेनॉलमध्ये ते ताज्या वनस्पतीइतके असते, तर खनिज तेलापासून केलेल्या इथेनॉलमध्ये जवळपास नसतेच, कारण ते तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होते. अशा चाचणीबद्दल लिहिताना ‘वय’ हा शब्द टाळून ‘जैव कार्बनचे प्रमाण’ असे लिहावे.