ह्या पोऱ्याला घ्यायचं का नाही? ड्राफ्टवर नीट भांडायची पद्धत

पहिलं म्हणजे "पोरगा भारी आहे का" ह्यावर भांडणं बंद करा भो. ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टीमा ठरलेल्या नंबरानं एकेक नवा पोरगा उचलतात ते. त्यात ज्याचं नाव येतं तो भारीच असतो, अख्ख्या अमेरिकेतल्या कॉलेजांमधून आणि वर बाहेरच्या देशांतून गाळून गाळून दोन राउंडमध्ये जेमतेम ६० पोरं उचलतात, त्यात कच्चा लिंबू कुठून येणार. भांडायचा प्रश्न वेगळा आहे. आपला नंबर अमुक, त्या नंबरला हे तीन-चार जण शिल्लक राहतील, मग त्यांच्यातून हाच का? ज्याला दुसरं एकही नाव घेता येत नाही त्याला चहा पाजायचा आणि गप बसवायचं.

आपण जळगाव-भुसावळवाले सॅक्रामेंटो किंग्ज ह्या टीमच्या नादाला का लागलो ते सगळ्यांना माहितीये, मालक रणदिवे मूळचा मुंबईचा, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हीच टीम मुंबईत येऊन इंडियाना पेसर्सशी दोन मॅच खेळून गेली. बरं झालं एका अर्थी, कारण ड्राफ्टमध्ये काय करायचं आणि काय नाही ह्याची सगळी उदाहरणं घरातच सापडतात.

२०१८ घ्या. मागं राहिलेल्या टीमांचे नंबर ज्यात ठरतात त्या लॉटरीत किंग्ज सातव्यावरून उडी मारून थेट दुसऱ्या नंबरवर आले आणि घेतला कोण तर ड्यूक कॉलेजचा मार्विन बॅगली. आता बॅगली वाईट होता का? कॉलेजात मॅचला २१ पॉइंट, ११ रिबाउंड, नुसतं त्याच्याकडं बघत बसलं तर कोणीही म्हणंल घ्या. पण शेजारी लुका डॉन्चिच ठेवून बघा ना, कॉलेजचं तोंड न बघितलेला, १९ वर्षांचा, रियाल माद्रिदकडून बाप्या माणसांत खेळून युरोलीगचा एमव्हीपी (सगळ्यात भारी खेळाडू) झालेला. तो तिसऱ्या नंबरला गेला. एकट्या पोराचं वजन करायचं नसतं ते ह्याच्यासाठी.

तेव्हा अजून एक गोष्ट जोरात चालायची, की आपल्याकडं फॉक्स आहे, अजून एक बॉल हातात ठेवणारा कशाला. "आपल्याला गरज कशाची आहे" हा मुद्दा कोणी काढला की आधी नंबर विचारा. पहिल्या पाच-सात नंबरला गरज बघू नये असं माझं मत आहे, कारण टीम दोन वर्षांत अख्खी बदलते आणि पोरगा तोच राहतो. १९८४ ला पोर्टलंडकडं ड्रेक्सलर होता म्हणून त्यांनी दोन नंबरला उंच पाहिजे म्हणून सॅम बोवी घेतला, तीन नंबरला जॉर्डन गेला. पुढं काय झालं ते जामनेरच्या पोरालाही ठाऊक आहे. उलट २०२० ला किंग्जनी फॉक्स असतानाच बाराव्या नंबरला टायरीस हॅलिबर्टन उचलला, नेमबाजी वाकडी दिसायची पण बॉल जाळीतच जायचा, आणि तो किती चांगला निघाला ते सगळ्यांनी बघितलं (नंतर २०२२ ला सबोनिससाठी त्याला सोडला, ते भांडण वेगळं, त्याला एक रात्र पुरत नाही). आता मी म्हणतो म्हणून हा नियम दगडावरची रेघ नाही, २०२२ ला चौथ्या नंबरला लोक जेडन आयव्ही ह्या पोरासाठी ओरडत होते, किंग्जनी गरज बघून आयोवा कॉलेजचा कीगन मरे घेतला आणि त्यानं पहिल्याच सीझनला २०६ तीन-पॉइंटर मारून रुकीचा (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा) रेकॉर्ड केला. मग तिथं गरजवाल्यांचं बरोबर निघालं, मान्य.

आता पोराला मोजायचं कसं. सगळ्यात आधी वय बघा, पॉइंट नंतर. १९ वर्षांचा पोरगा कॉलेजात १५ पॉइंट काढतो आणि २३ वर्षांचा पण १५ काढतो तर ते १५ सारखे नाहीत, मोठा गडी त्याच्यापेक्षा चार वर्षं लहान पोरांना लोटून पॉइंट काढतोय. आणि हल्ली मोठे गडी जास्त दिसतात कारण जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, मग लवकर पळायची घाई राहिली नाही. रावेर-सावद्याला व्यापारी बागेत येऊन हिरवा घड बघूनच भाव करतो, पिकल्यावर कसा निघंल ते त्याला अंदाजानं ठरवावं लागतं, इथं पण तेच. फक्त एक, वयाचा मुद्दा पहिल्या राउंडच्या वरच्या भागात जड, खाली हलका. जेलन ब्रन्सन विलानोव्हा कॉलेजात दोनदा चॅम्पियन होऊन आला आणि ३३ व्या नंबरपर्यंत कोणी हात लावला नाही, का तर वय जास्त, उंची कमी. आज तो न्यूयॉर्कचा कॅप्टन आहे.

मग आकडे. कॉलेजची मॅच ४० मिनिटांची, एनबीएची ४८, तिकडं शॉट घ्यायला ३० सेकंद आणि इकडं २४. तीन-पॉइंटची रेघ पण कॉलेजात जवळ, २२ फूट आणि वर १.७५ इंच, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंच. म्हणून नुसती तीन-पॉइंटची टक्केवारी तोंडावर फेकणाऱ्याला विचारा की फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा, कोणी न आडवता मारायचा शॉट) किती टक्के जातात, कारण ती रेघ दोन्हीकडं सारखीच आहे आणि हात चांगला का नाही ते तिथं बऱ्यापैकी कळतं. उंच पोरांचं अजून एक, कॉलेजात ते बास्केटखाली खुशाल उभे राहून ब्लॉक करतात (समोरच्याचा शॉट हवेतच आडवतात), एनबीएत समोरच्या कोणाला न आडवता तीन सेकंदाच्या वर तिथं थांबलं की शिट्टी. ब्लॉकचा आकडा बघून भुलू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो कोणी विचारतच नाही: हा समोरच्या टीममधल्या कोणाला आडवणार? २०११ ला बीवाययू कॉलेजचा जिमर फ्रेडेट देशात सगळ्यात जास्त, मॅचला २८.९ पॉइंट काढून आला, लांबून लांबून मारायचा, बघायला मजा यायची. मिलवॉकीनी दहाव्या नंबरला घेऊन त्याच रात्री किंग्जना दिला. अकराव्याला क्ले थॉम्पसन गेला, पंधराव्याला कवाय लेनर्ड. जिमर २२ वर्षांचा होता आणि समोरचा माणूस त्याला आडवता येत नव्हता, तीन वर्षांच्या आत किंग्जनीच सोडून दिला. मार्चच्या कॉलेज टुर्नामेंटमधल्या दोन मॅचचे हायलाइट बघून कोणी नाचत आला तर त्याला हे नाव सांगा, बाकी काही बोलायची गरज नाही.

भांडणाची वेळ पण पाळा. मे महिन्यात लॉटरी होईपर्यंत नावं काढू नका, तोपर्यंत आपला नंबरच माहिती नसतो. डॅलसकडं २०२५ ला पहिल्या नंबरचा चान्स फक्त १.८ टक्के होता आणि पहिल्या नंबरचा कूपर फ्लॅग त्यांनाच मिळाला. लॉटरी झाली की प्रत्येकानं आपल्या नंबरसाठी तीन नावं क्रमानं वहीत लिहायची, तारीख टाकायची, सही करायची. पहिल्या राउंडचा पहिल्या दोन वर्षांचा करार पक्का असतो, तिसरं-चौथं वर्ष टीमच्या हातात, म्हणून दोन सीझन जाईपर्यंत वही उघडून कोणाची इज्जत काढायची नाही.

ड्राफ्ट आपल्याकडं पहाटे साडेपाचला सुरू होतो, जूनच्या शेवटी, कपाशीच्या लागवडीत, म्हणून अर्धे जण आपला नंबर झाला की मोबाईल ठेवून शेतात निघतात. दुसऱ्या राउंडलाही बघा. जिमर आला त्याच रात्री, सगळ्यात शेवटी, ६० व्या नंबरला किंग्जनी पाच फूट नऊ इंचाचा आयझेया थॉमस घेतला होता, आणि दोघांत ऑलस्टार झाला तो हाच, बोस्टनला जाऊन, दोनदा.