मातीचा प्राणी चार पायांवर उभा कसा करावा

प्राण्याचं शिल्प म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: आत तारेचा सांगाडा करा आणि त्यावर माती थापा. भट्टीत जाणाऱ्या कामासाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे. वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण ८ ते १२ टक्के आकसते. तार आकसत नाही, त्यामुळे तिच्याभोवतीची माती ताणली जाते आणि चिरते. मातीचा प्राणी मातीच्याच बळावर उभा राहिला पाहिजे, आणि त्याची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी लागते.

प्राणी असा निवडा जो तुम्हाला चारी बाजूंनी पाहता येतो. एका फोटोवरून काम केलं की शिल्पाची एकच बाजू जिवंत होते. कामाआधी त्याचं चित्र काढताना केसांच्या मागे लागू नका. कण्याची रेघ आणि वजन कुठे पडलंय, एवढंच टिपा. निवांत उभा असलेला घोडा पाहा: मागचा एक पाय सैल, त्याच्या खुराचं फक्त टोक टेकलेलं आणि त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरलेला. दुसरी गोष्ट सांध्यांची. मागच्या पायात उलटा वळल्यासारखा दिसतो तो गुडघा नव्हे, ती टाच. गुडघा वर, पोटाच्या जवळ असतो. हे एकदा डोक्यात बसलं की कुत्रा, घोडा, मांजर सगळ्यांचे पाय नीट जमू लागतात.

माती ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भरडा, मिसळलेली घ्या. गुळगुळीत, बारीक माती या कामाला नको. धड पोकळ करा: मातीच्या दोन वाट्या करून तोंडाला तोंड लावून जोडा, भिंत साधारण १ सेंटिमीटर ठेवा. आत कोंडलेल्या हवेमुळे आकार देताना धड चेपत नाही.

आता पाय. माझी सगळ्यात जास्त कामं इथेच अडली, म्हणून सविस्तर सांगते. पाय आणि धड एकाच दिवशी, एकाच मातीच्या गोळ्यातून करा. आज धड आणि चार दिवसांनी पाय असं केलंत तर ओला पाय जास्त आकसतो आणि सांध्यापाशी हमखास चीर पडते. दोन सेंटिमीटरपेक्षा जाड पाय आतून काडीने पोकळ करा आणि ती पोकळी धडाच्या पोकळीला जोडा. दोन्ही भाग लेदर-हार्ड होऊ द्या, म्हणजे दाबल्यावर बोटाचा ठसा जेमतेम उमटेल इतके. मग दोन्हीकडे खोल ओरखडे काढा, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा आणि कडेने स्लिप बाहेर येईपर्यंत पाय किंचित फिरवत दाबा. नुसतं पाणी लावून जोडलेला पाय वाळता वाळता सुटतो. सांध्याभोवती मातीची बारीक वळी घालून ती दोन्हीकडे नीट मुरवा.

पोटाखाली आधार द्यायचा तो त्याच मातीच्या जाड खांबाचा, मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून. वीट किंवा लाकडाचा ठोकळा कधीही ठेवू नका. प्राणी आकसून खाली येतो, ठोकळा तिथेच राहतो, धड त्यावर टांगल्यासारखं होतं आणि पाय मुळापासून चिरतात. मातीचा खांब प्राण्याबरोबरच आकसतो. पायांखालीही त्याच मातीची पातळ पाटी हवी, आणि पाटीखाली कागद, म्हणजे आकसताना सगळं मिळून सरकेल. चीनमधल्या तांग काळातले (६१८–९०७) बरेच मातीचे घोडे अशाच पाटीवर उभे आहेत. पहिल्या भट्टीतही पाटी आणि खांब तसेच राहू द्या.

धडाला पोटाखाली एक भोक पाडायला विसरू नका. मातीतला हवेचा बुडबुडा भट्टीत फुटतो, असं सर्रास सांगितलं जातं. काम फोडते ती ओल, कारण तिची वाफ होते. भोक हवं ते आतली भिंत वाळावी आणि कोंडलेली हवा निघून जावी म्हणून.

वाळवताना घाई नाही. कान, शेपूट, पाय आधी वाळतात आणि धड मागे राहतं, म्हणून बारीक भाग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि धड उघडं ठेवा. १७३०च्या दशकात जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सिलेन कारखान्यात शिल्पकार केंडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोर्सिलेनचे भलेमोठे प्राणी घडवले. भाजताना पडलेल्या चिरा त्यांतल्या कित्येकांवर आजही दिसतात. एवढ्या कसबी हातांनाही जाड कामाने सूट दिली नाही.

भट्टी ८०–९० अंश सेल्सिअसवर काही तास थांबवा, जाड कामाला रात्रभर. ६०० अंशांपर्यंत सावकाश चढवा, कारण ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं. उतरतानाही तिथे घाई नको. बिस्क, म्हणजे पहिली भाजणी, ९५० ते १००० अंशांवर.

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, पातळ द्या, जाड ग्लेझखाली डोळ्यांच्या कडा आणि केसांच्या रेघा बुजतात. मला लोखंडाचा ऑक्साइड पाण्यात कालवून लावणं आणि ओल्या स्पंजने पुसून घेणं जास्त आवडतं, खाचांत रंग राहतो आणि उंचवटे उजळ दिसतात. ग्लेझ दिलंच तर भट्टीत ठेवण्याआधी पाटीचा तळ आणि खांब जिथे टेकतो ती पोटाची जागा कोरडी होईपर्यंत पुसा, नाहीतर प्राणी खांबाला आणि पाटी भट्टीच्या फळीला कायमची चिकटेल.