मागचे शॉकअप आणि बुश बदलताय? या चुका टाळा

खड्ड्यात मागून 'खट्' आवाज आला की आपण लगेच शॉकअपवर बिल फाडतो. आधी डिकी रिकामी करून एक चक्कर मारा. मी आठवडाभर ज्या आवाजाला सस्पेन्शन समजत होतो, तो स्टेपनीखाली सैल पडलेला जॅक निघाला.

गाडी मागून बसलीय म्हणून शॉकअप बदलणं हीही नेहमीची चूक. साध्या हॅचबॅकमध्ये वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिचं उसळणं आवरतो. सीएनजीच्या टाकीने दबलेली गाडी नव्या शॉकअपने वर येत नाही. शॉकअप गेल्याच्या खुणा वेगळ्या: नळीवर तेलाचे ओघळ, खड्ड्यानंतर थांबत नाहीत असे हेलकावे, टायरवर हात फिरवला की जाणवणारे उंचवटे. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे. भुगा झालेला बंप स्टॉप (दांड्यावरचा, जोराचा धक्का झेलणारा मऊ ठोकळा) नव्या शॉकअपवर पुन्हा चढवू नका.

हँडब्रेक बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्याच चाकांना असतो, म्हणजे मागची चाकं उचलली की तो असून नसल्यासारखा. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. बीमखाली (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) जॅक ठेवून एका वेळी एकच बाजू सोडा, नाहीतर बीम लोंबकळतो आणि ब्रेकच्या पाइपवर ताण येतो. शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीने धरलात तर त्यावरचा ओरखडा आतलं सील कापतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. चाकं हवेत असतानाच शॉकअपचे खालचे बोल्ट पूर्ण कसणं. बुश म्हणजे सांध्यातलं रबर, त्याच्या मधोमध धातूची नळी. बोल्ट आवळला की ही आतली नळी जागच्या जागी जखडते, पुढे सगळी हालचाल रबराच्या पिळावर होते. लोंबत्या स्थितीत जखडलेलं रबर गाडी खाली उतरली की कायम पिळलेलंच राहतं. मग कुरकुर, आणि लवकरच चीर. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने बसवा, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर टॉर्क पान्याने (किती जोराने कसलं ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत कसा.

हे आधीच करून बसला असाल आणि बुशला चीर नसेल, तर गाडी सपाट जागी चाकांवर उभी करा. ते बोल्ट थोडे सैल सोडा, मागून दोन-चारदा दाबून गाडी बसू द्या, पुन्हा कसा. माझी कुरकुर तेवढ्यानेच गेली.