व्हायरल लोड दबल्यावरही गोळी का चालू ठेवायची, हे रुग्णाला कसे समजावावे

एचआयव्हीचे औषध नेमाने घेणारा माणूस एक दिवस विचारतोच, की रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही, मग गोळी कशासाठी? सांगली-मिरजेतल्या समुपदेशकांनी, आशाताईंनी किंवा घरच्या जाणत्या माणसाने त्याला दटावून गप्प करू नये. त्याला खरे कारण सांगावे. तो त्याचा हक्क आहे.

सुरुवात रिपोर्टपासून करावी. कागद त्याच्या हातात देऊन ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) या ओळीवर बोट ठेवावे आणि आधी त्याचे अभिनंदन करावे, कारण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मग सांगावे की ही तपासणी रक्तद्रवात मोकळे फिरणारे विषाणू मोजते. पेशींच्या आत काय दडले आहे, ते तिला दिसत नाही.

यानंतरचा भाग सावकाश सांगावा. एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या सीडी4 नावाच्या पांढऱ्या रक्तपेशीत शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो त्या पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडून टाकतो. लागण झालेल्या बहुतेक पेशी लवकर मरतात. पण जुन्या संसर्गांची स्मृती जपणाऱ्या काही पेशी विश्रांतीत जातात आणि त्यांच्यातला विषाणूही निपचित पडतो. तो नवे विषाणू बनवत नसल्याने प्रतिकारशक्तीला त्या पेशीत काही वावगे दिसत नाही. औषधाचाही तिथे इलाज चालत नाही, कारण टीएलडी गोळीतील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत, डोल्युटेग्राव्हिर तो जोडू देत नाही. आधीच जोडला गेलेला डीएनए मात्र यांपैकी कोणीच काढू शकत नाही.

हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चटकन उमगते: वरून नुसते मोकळे रान दिसते, हळद जमिनीखाली वर्षानुवर्षे टिकून असते. प्रत्यक्षात अशा पेशी फार थोड्या असतात. विश्रांतीतल्या सुमारे 10 लाख सीडी4 पेशींमागे एखादीच पुन्हा विषाणू बनवू शकते. पण त्यांचा साठा निम्मा व्हायला सुमारे 44 महिने लागतात, म्हणजे तो पूर्ण संपायला सत्तरहून अधिक वर्षे लागतील असा अंदाज आहे. शिवाय या पेशी दुभंगतात तेव्हा जोडलेल्या डीएनएची प्रतही नव्या पेशीत जाते, त्यामुळे साठा आतल्या आत भरत राहतो.

गोळी थांबली की यांतली एखादी पेशी जागी होते आणि बहुतेकांच्या रक्तात 2 ते 4 आठवड्यांत विषाणू परततो. काही महिने त्रास झाला नाही, असे कोणी सांगितले तर त्याला अमेरिकेतील मिसिसिपीच्या बालकाची हकिगत सांगावी: औषध बंद असताना त्याच्या रक्तात 27 महिने विषाणू सापडला नाही, आणि 2014 मध्ये तो परतला. बर्लिनमध्ये एचआयव्हीतून बरे झालेल्या टिमोथी रे ब्राउन यांचे नाव निघाले, तर त्यांना रक्ताचा कर्करोग होता आणि त्यासाठी मूलपेशींचे जोखमीचे प्रत्यारोपण करावे लागले, हेही स्पष्ट करावे.

शेवटी सगळे त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावावे. मान डोलावली म्हणजे समजले असे धरू नये. त्यानंतर घरची व्यवस्था बोलावी. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या गावी जायचे असेल, तर निघण्याआधीच एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे) सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राची सोय मागावी. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढण्याची चाहूल लागताच गोळ्या आणि उपचार पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवाव्यात. आम्लपित्ताचे अँटासिड चालू असेल तर टीएलडी त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावी, आणि क्षयरोगाचे औषध सुरू झाल्यास केंद्रातील डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, कारण रिफाम्पिसिनसोबत डोल्युटेग्राव्हिरची मात्रा वाढवावी लागते.