आधी पंखा बंद : मोझार्ट-सालिएरीच्या कळसूत्री प्रयोगाची तयारी

संगीतकार मोझार्टला त्याच्यावर जळणारा संगीतकार सालिएरी विष घालतो, अशा गोष्टीचा ऑपेरा, म्हणजे गाण्यातून चालणारं नाटक, दोऱ्यांच्या बाहुल्यांवर करायचा आहे ना? मग सगळ्यात आधी तारीख धरा, आणि धरताना पंख्याचा विचार करा. सोलापुरात मार्च ते जून पंख्याशिवाय प्रेक्षक बसत नाही, आणि पंखा फिरला की दोरे हलतात. आमच्या पहिल्या तालमीत कुणीतरी सवयीनं बटण दाबलं आणि विष घालायला निघालेला सालिएरी लेझीम खेळायला लागला. तेव्हापासून बटणांवर चिकटपट्टी. जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते, तेव्हा तुमच्याकडे कोण फिरकणार? डिसेंबरचा पहिला आठवडा बरा. ५ डिसेंबर १७९१ ला मोझार्ट गेला, तेवढंच निमित्तही मिळतं.

हॉल लहान घ्या. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहाचा मोह होतो, पण दोन फुटी बाहुलीचा हात मागच्या रांगांना दिसत नाही, आणि इथं सगळं हातच बोलतात. शाळेचा हॉल, शंभर खुर्च्या, पुढे मुलांना सतरंजी.

ऑपेरा म्हणजे रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हचा ‘मोझार्ट आणि सालिएरी’. रशियन कवी पुश्किननं १८३० मध्ये लिहिलेल्या छोट्या शोकनाट्यावर बेतलेला, १८९८ मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा झालेला. तेव्हा सालिएरी गायला होता प्रसिद्ध रशियन गायक शल्यापिन. दोन प्रवेश, पाऊण तासाच्या आतबाहेर, गाणारे दोघंच; शिवाय न गाणारा एक आंधळा फिडलवाला आणि पडद्याआडचा कोरस. म्हणजे बाहुल्या तीन. गायक कुठून आणणार, ध्वनिमुद्रणच वापरावं लागतं. स्वररचना आता हक्कमुक्त आहे, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. आपल्याकडे तो प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. जुनं मुद्रण शोधा किंवा लेखी परवानगी घ्या. शब्द रशियन, त्यामुळे मराठी ओळी पडद्यावर दाखवाव्या लागतील. त्या थोड्या ठेवा. लोक वाचत बसले तर बाहुली कोण बघणार?

आता दोरे. एका बाहुलीला नऊ : डोक्याला दोन, खांद्यांना दोन, हातांना दोन, गुडघ्यांना दोन, पाठीला एक. नायलॉनची मासेमारीची तार दिव्यात चकाकते, ती नको. काळा, पीळदार सुती दोरा घ्या आणि त्यावरून मेणाचा तुकडा फिरवा. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मागावर हयात घालवलेले एखादे काका सापडतीलच. त्यांना तालमीला बोलवा. तुटलेला धागा ते बोलता बोलता जोडतात आणि गाठ नखालाही लागत नाही. आमच्या काकांनी दोरा दातात धरला, विचारलं, ‘हा भांडतोय कशापायी?’ आणि उत्तर येण्याआधी गाठ मारून मोकळे.

सगळ्यात जास्त तालीम विषाच्या पेल्याला द्या. बाहुलीला वस्तू धरता येत नाही. पेल्याला बांधलेला दोरा तिच्या तळहाताच्या भोकातून वर न्यायचा. ओढला की हात आणि पेला एकमेकांना भेटतात. घाईत ओढला तर पेला उडी मारतो आणि हॉलभर हशा. हे चाळीस वेळा करा. सालिएरीच्या लांबलचक स्वगतांत मात्र उलटी अडचण : बाहुली सारखी हलवायचा हात शिवशिवतो. हलवू नका. खांद्याचा दोरा श्वासाएवढा वर-खाली, बास. पूर्ण थांबली तर मेलेली दिसते, जास्त हलली तर माकड.

संहितेच्या परिनिरीक्षणाचे, म्हणजे सरकारी मंडळाकडून ती तपासून घेण्याचे, कागद महिनाभर आधी मार्गी लावा. जनरेटर असलेला हॉल बघा. ध्वनिमुद्रण मध्येच बंद पडलं तर दिवा विझवायचा, बाहुली तशीच धरून ठेवायची, हे आधीच ठरलेलं असू द्या.

प्रवेशपत्रिकेच्या मागे चार ओळी नक्की छापा : विष घातल्याचा पुरावा नाही. खरा सालिएरी बेथोव्हन आणि शूबर्टचा गुरू होता, मोझार्टच्या धाकट्या मुलालाही त्यानं शिकवलं. नाहीतर बिचाऱ्यावर आपणही आळ घेऊन मोकळे.

प्रयोग संपला की टाळ्या घेऊन लगेच बाहुल्या खाली ठेवू नका. दोरे एकत्र घेऊन पीळ द्या, दोरे ज्याला बांधलेत त्या वरच्या लाकडी फुलीवर गुंडाळा, मगच आडवी करा. प्रत्येक बाहुली वेगळ्या चादरीत. जास्तीच्या तीन चादरी नाहीत असं घर सोलापुरात सापडायचं नाही.