बाळंतपणाची रजा संपताना: राजीनाम्याआधी मांडायचा हिशेब

पाळणाघराची फी आईच्याच पगारातून का वजा करायची? रजा संपत आली की घरोघरी असाच हिशेब होतो. तिचा पगार घ्यायचा, त्यातून पाळणाघर, येण्याजाण्याचा खर्च आणि पोळ्यांच्या मावशींचे पैसे काढायचे. उरतात वीस-बावीस हजार, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "एवढ्यासाठी कशाला बाळाला सोडून जायचं?"

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात पगारपत्रकं करते. रजेवरून परतणाऱ्या आणि न परतणाऱ्या, दोघींचेही कागद माझ्या टेबलावरून जातात. माझ्या लेकीच्या वेळी मी रजेला जोडून थोडी बिनपगारी रजा घेतली आणि मग कामावर रुजू झाले. माझ्या जावेने नोकरी सोडली, तीही पूर्ण विचार करून. दोन्ही बरोबरच होतं. माझं म्हणणं एवढंच की राजीनामा अर्ध्या हिशेबावर देऊ नये.

पहिले दीड-दोन महिने तर काहीच ठरवू नका. टाके ओले असतात, झोप नसते, दूध येतंय की नाही याची काळजी असते. मन सारखं उदास राहत असेल, रडू आवरत नसेल, तर नोकरीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.

तिसऱ्या महिन्यापासून मात्र एक प्रयोग करा. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे बाळ घरात आल्यावरही बरेच महिने तुमचा पगार येत असतो. तो ज्या दिवशी येईल त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका आणि घर फक्त नवऱ्याच्या पगारात चालवून बघा. या दिवसांत तुम्हाला पाळणाघराचा खर्च नाही, प्रवासाचा नाही, म्हणजे नोकरी सोडल्यावर जसं असेल अगदी तसंच घर चालतंय. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विम्याचे हप्ते, मालमत्ता कर, दिवाळी, गावची जत्रा, यांना बाराने भागून महिन्याच्या खर्चात धरायला विसरू नका. दोन-तीन महिने निभावलं तर एका पगारात भागतं हे कळलं. नाही निभावलं तर नेमके किती कमी पडतात तो आकडा हाती आला. आणि बाजूला पडलेले पैसे दोन्ही वाटांवर उपयोगी पडतात.

आता तो अर्धा हिशेब पूर्ण करू. समजा, तुमचा बेसिक (मूळ पगार) 20,000 आहे आणि हातात 38,000 येतात. पाळणाघर 9,000, प्रवास 3,500, मावशी 3,000. उरले 22,500. पण पगारपत्रकात हातात न येणाराही पैसा असतो. पीएफचे तुमचे 2,400 आणि कंपनीचे 2,400 (यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो). शिवाय ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम) दर वर्षाला साधारण 11,500 रुपयांनी वाढत असते, म्हणजे महिन्याला साडेनऊशेच्या वर. 22,500 चे 28,000 झाले. आता पाळणाघर आणि मावशींचा खर्च दोघांच्या पगारांत वाटून घ्या, कारण बाळही दोघांचं आणि पोळ्याही दोघांच्याच. मग तुमची नोकरी घरात किती आणते ते खरं दिसेल. नवऱ्यासमोर बसून, कागदावर लिहून हा हिशेब करा. तोंडी बोलण्यात तो पुन्हा पहिल्या आकड्यावर घसरतो.

ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागतात आणि बाळंतपणाची रजा सेवेतच मोजली जाते. पाच वर्षं भरायला सहा-सात महिने उरले असताना आलेला राजीनामा बघून मला फार वाईट वाटतं. वरच्याच बेसिकवर 57,000 च्या वर रक्कम हातची जाते. तेवढ्या महिन्यांसाठी बिनपगारी रजा, अर्धवेळ काम किंवा घरून काम, जे शक्य असेल ते मागून बघा. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने घरून काम करण्याची सोय कायद्यातच आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोन जास्तीच्या सुट्या असतात. हे सगळं ईमेलवर विचारा. तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात.

परत जायचं ठरलं तर पाळणाघर रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच सुरू करा, पहिल्यांदा तासाभरासाठी. पाळणाघराच्या पहिल्या महिन्यात बाळ बऱ्याचदा तापाने फणफणतं, तेव्हा नवऱ्याच्या सुट्याही शिल्लक असू द्या.

सोडायचं ठरलं तर कामं जास्त आहेत. नेमणूकपत्र काढून नोटीस किती दिवसांची, रजेतले दिवस त्यात धरतात का, एखादा बोनस परत करावा लागतो का, ते वाचा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून बाळासकट घराची स्वतःची पॉलिसी शेवटच्या दिवसाआधी सुरू झालेली हवी. आता कमावणारा एकच, तर त्याचा टर्म विमा पुरेसा आहे का तेही बघा. सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते एफडीत असावेत. गृहकर्जात तुमचं नाव असेल तर नोकरी सोडल्याने ते निघत नाही.

पीएफ काढू नका. नोकरीची पाच वर्षं भरण्याआधी काढला तर त्यावर कर लागतो. ठेवला तर व्याज मिळत राहतं आणि पुढच्या नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) चालतो. पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते, जुनी वर्षं त्यात धरली जातात. यूएएनला स्वतःचा मोबाइल नंबर जोडा आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली का ते तपासा. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर बाद होतं, ते नव्याने भरा. अनेकजणींचं अजून आईवडिलांच्याच नावावर असतं.

स्वतःचं खातं बंद करू नका. जावेने घरात पहिल्यांदाच ठरवून घेतलं की दर महिन्याला एक रक्कम तिच्या खात्यात येणार, मागावी न लागता. तिने पीपीएफ सुरू ठेवलं. वर्षाला 500 रुपये भरले तरी ते चालू राहतं. नवऱ्याने दिलेले पैसे तुमच्या नावाने एफडीत ठेवले तर त्याचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. पीपीएफच्या व्याजावर करच नाही, म्हणून तो प्रश्न तिथे येत नाही.

निघताना कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या आणि फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) मागून घ्या. दोन-तीन वर्षांनी परत नोकरी शोधायला निघालात की पहिल्याच मुलाखतीत हेच मागतात, आणि तोपर्यंत आमच्यासारख्या टेबलावरची माणसं बदललेली असतात.